चोवीस बियांची हजेरी

"माझं नुसतं नाव ऐकलं तरी गुन्हेगार अर्धा कबुलीजबाब देऊन मोकळा होतो," असं भिंगसाहेब स्वतःच सांगायचे, कारण दुसरं कोणी सांगत नसे. पोस्टात तीस वर्षं शिक्के मारून ते निवृत्त झाले, एक भिंग विकत घेतलं आणि आपण गुप्तहेर असल्याचं जाहीर करून टाकलं. आजवर त्यांनी दोन हरवलेले चष्मे शोधले होते, दोन्ही स्वतःचेच. मदतनीस म्हणून मेहुण्याची नेमणूक झाली होती. बहिणीच्या घरी राहायचं म्हटल्यावर तो बिचारा नाही तरी कुठल्या तोंडाने म्हणणार?

प्रकरण होतं बुटक्या झिनियाचं. वीतभर उंचीची, गच्च फुलणारी ही झाडं ताई, म्हणजे साहेबांची बायको, दरवर्षी लावायची आणि सुकल्या फुलांतलं बी पुढच्या वर्षासाठी पुडीत बांधून ठेवायची. यंदा पाय प्लॅस्टरमध्ये, त्यामुळे पुडी नवऱ्याच्या हाती द्यावी लागली. देताना तिने दोनदा बजावलं.

"अहो, एवढंच बी उरलंय. हे गेलं की माझी झिनिया संपली."

भिंगसाहेबांनी अंगणातल्या सहा कुंड्यांत चार-चार बिया पुरल्या आणि लगेच संरक्षण पुरवलं. रोज संध्याकाळी चिमट्याने बी वर काढायचं, भिंगाखाली ओळख पटवायची, वहीत 'हजर' लिहायचं आणि परत पुरायचं. पाच कुंड्या साहेबांकडे, सहावी, तुळशीमागची, मेहुण्याकडे. चार-पाच दिवसांत उगवणारं बी साहेबांच्या कुंड्यांत आठ दिवस झाले तरी उगवेना, तेव्हा साहेबांनी तपास हाती घेतला.

"शेजारचे हेडमास्तर! त्यांच्या चपलेला माती आहे."

"भावजी, ते बागेत काम करतात. माती नाही तर काय लोणी लागणार?"

मग मुंग्यांवर संशय आला. साहेब रांगेमागून रांगत स्वयंपाकघरात पोचले आणि साखरेचा डबा जप्त करून आले. त्या दिवशी सगळ्यांनी बिनसाखरेचा चहा प्यायला.

नवव्या दिवशी मात्र साहेबांचा चेहरा पडला. चिमट्यात धरलेल्या बीला पांढरा कोंब होता आणि तो मोडलेला होता.

"मेहुणेबुवा, हा खून आहे," ते हळू आवाजात म्हणाले. "शस्त्र लोखंडी, दोन टोकांचं. वेळ संध्याकाळची. मारेकऱ्याला आपलं वेळापत्रक तोंडपाठ आहे!"

मेहुण्याने एकदा चिमट्याकडे पाहिलं, एकदा साहेबांकडे पाहिलं आणि हातातली वही मिटली.

तेवढ्यात वरची खिडकी उघडली. इतक्या दिवसांनी ताई पहिल्यांदाच खुर्ची सरकवत तिथवर आली होती.

"अहो, ते चिमट्यात काय आहे?"

"बी. हजेरी घेतोय."

"रोज घेता?"

"एक दिवस खाडा नाही!" साहेबांनी छाती पुढे काढली.

ताईचे डोळे भरून आले. "रोज उकरल्यावर ते रुजणार कधी हो?" एवढंच म्हणाली.

भिंगसाहेबांच्या हातातला चिमटा गळून पडला. तीस वर्षांत चुकीच्या गावाचा शिक्का पडला तरी त्यांना इतकं वाईट वाटलं नव्हतं.

"आणि त्या शेवटच्या कुंडीत हिरवं काय दिसतंय?" ताईने विचारलं.

सहाव्या कुंडीत चार रोपं दोन-दोन पानं पसरून उभी होती. दोघांच्या नजरा मेहुण्याकडे वळल्या.

"मातीत हात घालायचा कंटाळा येतो गं ताई," तो पुटपुटला. "मी बसल्या बसल्या वहीतच हजर लिहायचो."

"कर्तव्यात कसूर!" साहेब ओरडले.

"गप्प बसा," ताई म्हणाली. "त्या कसुरीनेच माझं बी वाचलं. आता तुम्ही फक्त पाणी घालायचं. हात मागे बांधून उभं राहायचं आणि कशालाही शिवायचं नाही."

साहेबांनी ते केलं. कठीण गेलं, पण केलं. दोन महिन्यांनी कुंडीत लाल-केशरी फुलांची गर्दी झाली आणि ताई काठी टेकत पायऱ्या उतरून तिच्यापाशी येऊन बसली.

हेडमास्तरांनी कुंपणावरून मान वर केली. "वा, साहेब! हे कसं जमवलंत?"

भिंगसाहेबांनी तोंड उघडलं. मेहुणा लांबलचक भाषण ऐकायच्या तयारीने भिंतीला टेकला. पण साहेब बायकोकडे बघून नुसते खाकरले.

"खरं सांगतो मास्तर, मी काही केलं नाही."

"मी साक्षीदार आहे," ताई म्हणाली, आणि तिने त्यांना शेजारी बसायला जागा करून दिली.