गोदाआत्या वेल्डिंग शिकते

आमच्या गोदाआत्याच्या अंगाला लसणाचा वास येऊ लागला, तेव्हा घर हादरलं. चातुर्मास चालू होता. चातुर्मासात आमच्याकडे कांदा-लसूण उंबऱ्याच्या आत येत नसे आणि आत्याने तर सोळाव्या वर्षी विधवा होऊन माहेरी परतल्यापासून बाराही महिने लसणाला हात लावला नव्हता.

वास पकडला आईने. माघात न्हाणीघरात घसरून तिच्या खुब्याचं हाड मोडलं होतं. तेव्हापासून ती कॉटवर पडून होती आणि पायांची सगळी ताकद जणू नाकात जमा झाली होती.

"वसंता," ती मला जवळ बोलावून कुजबुजली, "वन्सं चोरून लसूण खातात."

मी तेव्हा बावीस वर्षांचा. आईच्या हुकमावरून मी माझ्या आत्याचं फडताळ उचकलं, हे आज सांगतानाही लाज वाटते. आत दोन लुगडी, जपमाळ आणि लोखंडी तारेची एक जुडी निघाली. लसूण नव्हता. पण जपमाळेशेजारी तार कशाला, ते काही मला कळेना.

गोदाआत्या म्हणजे अण्णांची, माझ्या वडिलांची, धाकटी बहीण. शिडशिडीत, तुरुतुरु चालणारी आणि कुठल्याही गोष्टीला "होऊन जाईल!" असं उत्तर देणारी. बुऱ्हाणपुरात आमच्या मराठीला हिंदीची फोडणी असतेच, पण आत्याचं हे "होऊन जाईल" वेळकाळ पाहत नसे. एकदा ती नऊवारीचा काचा मारून कौलं परतायला छपरावर चढली. मी खालून ओरडलो, "आत्या, पडशील!" वरून उत्तर आलं, "होऊन जाईल!" भिंतीवरचं घड्याळ तिने दोनदा उघडलं होतं. दुसऱ्यांदा जोडल्यावर दोन चक्रं उरली आणि घड्याळ तरीही चालू लागलं. त्या दिवसापासून अण्णा त्या घड्याळाकडे जरा घाबरूनच बघत.

तर ही आत्या रोज दुपारी दोन वाजता "पुराणाला जाते" म्हणून बाहेर पडे आणि पाचला परत येई. एका सुटीच्या दिवशी मी तिच्या मागे गेलो. ती राममंदिरावरून सरळ पुढे गेली. देवाला चालता चालताच हात जोडले. शनवारा वेशीजवळ करीमउस्तादांचं दुकान होतं. बहादरपूरच्या केळीवाल्यांची इंजिनं आणि गावातल्या यंत्रमागांचे मोडके भाग तिथे जोडून मिळत. आत्या आत शिरली.

मी दाराशी पोचलो आणि तिथेच थिजलो. लुगडं घट्ट खोचलेली, डोळ्यांवर काळा चष्मा चढवलेली, हातातून निळी ज्वाला सोडणारी ती बाई माझी आत्या होती! समोर दोन लोखंडी पट्ट्या लाल झाल्या होत्या. शेजारी करीमउस्ताद कपाळाला हात लावून बसले होते.

"बाई, जल्दी नहीं! लोहे को पसीना आने दो, फिर तार दिखाओ!"

"समजतं मला. पाकाला तार कधी येते ते ज्या बाईला कळतं, तिला लोखंडाचा घाम नाही का कळणार?"

तेवढ्यात पट्टीला भोक पडलं. आत्याने भोकातून आरपार बघितलं आणि तिला मी दिसलो.

"आलास? आत ये. ज्योतीकडे नुसत्या डोळ्यांनी बघू नकोस. आणि ऐक, आधी गॅस सोडायचा, मग ऑक्सिजन. पिवळी ज्योत नुसती धूर करते. आतलं टोक निळं, टोकदार झालं की ती कामाची."

मी आत गेलो. नाकात तो वास शिरला. कार्बाइडच्या खड्यांवर पाणी पडलं की जो गॅस निघतो, त्याला अस्सल लसणाचा वास येतो. आमच्या घरातलं पाप त्या लोखंडी पिंपात शिजत होतं.

उस्तादांनी मला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. ही बाई चार दिवस दुकानाच्या पायरीवर बसून राहिली, त्यांनी हात जोडले तरी हलली नाही. पाचव्या दिवशी, घाबरून पळेल म्हणून त्यांनी तिच्या हातात वेल्डिंगची पेटती बत्ती दिली. ज्योत बंदुकीसारखी 'फट्' करून विझली. एक गिऱ्हाईक पळालं. बाईंनी विचारलं, "आता पुन्हा कशी पेटवायची?"

त्या संध्याकाळी मी घरी सगळं सांगितलं आणि दरबार भरला. अण्णांचा आवाज बसला होता. "गोदे, लोक काय म्हणतील?"

"लोकांना विचारलं नाही मी."

"पण कशासाठी?"

"शिकायचं म्हणून."

याहून जास्त तिने सांगितलं नाही. कॉटवरून आई म्हणाली, "त्यापेक्षा लसूण खाल्ला असता तर बरं होतं."

खरं तर अण्णांचं डोकं आईच्या आजारपणातच गुंतलं होतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, हाड जुळलंय, आता उभं राहायला हवं, नाही तर कायमच्या झोपून राहाल. सुताराने काखेतल्या कुबड्या करून दिल्या. त्या घसरल्या, आई पुन्हा पडली आणि तिने जमिनीवर पाय टेकायचंच सोडलं. मग डॉक्टरांनी कागदावर चार पायांची लोखंडी घोडी काढून दाखवली. दोन्ही हातांनी धरून पुढे सरकवायची. नागपूरला मिळते म्हणाले. अण्णा सरकारी नोकर, त्यांनी रीतसर अर्ज केला. राज्यांची फेररचना नुकतीच झाली होती. नागपूरहून उत्तर आलं, आम्ही आता दुसऱ्या राज्यात आहोत, भोपाळला लिहा. भोपाळने कळवलं, आपल्या भागाचे जुने कागद अजून नागपूरहून यायचे आहेत. अण्णांनी दोन्ही पत्रं दोऱ्यात ओवून ठेवली आणि वाट बघू लागले.

आठवड्याने आईच्या किंकाळीने मी दुपारच्या झोपेतून उठलो.

"अहो, धावा! वन्सं माझं माप घेतायत! मेले नाही हो मी अजून!"

आत्या सुतळी घेऊन कॉटशी वाकली होती. एक टोक आईच्या टाचेशी, दुसरं मनगटाशी. कोणाचं माप सुतळीने कधी घेतात, ते ठाऊक असल्यामुळे अण्णाही पांढरे पडले. आत्याने शांतपणे सुतळीला गाठ मारली आणि म्हणाली, "झोपा वहिनी. झालं माझं."

त्यानंतर महिनाभर ती दुकानात काय करत होती, ते उस्तादांनी मला मागाहून सांगितलं. घोडीच्या पायांची लोखंडी नळी पातळ, क्षणात जळून भोक पडे. तीन घोड्या वाया गेल्या. कोपराखाली तळहाताएवढं भाजलं, ते तिने पदराखाली झाकलं. चौथी घोडी झाली तेव्हा तिने उस्तादांना, म्हणजे तीन मणांच्या त्या माणसाला, वर बसायला लावलं. घोडी कुरकुरलीसुद्धा नाही. उस्ताद मात्र कुरकुरले.

भर बाजारातून आत्या ती घोडी खांद्यावर टाकून घरी आली. आळीतल्या बायका पदर तोंडाला लावून बघत राहिल्या. सांध्यांवर दोडक्यासारख्या गाठी होत्या, पण चारही पाय जमिनीला सारखे टेकले.

"मी पडेन," आई म्हणाली.

"पडाल तर माझ्यावर पडाल. धरा."

आईने घोडी धरली. उंची अगदी मापाची होती. ती उठली. एक पाऊल टाकलं, मग दुसरं. अण्णांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. आई हुंदके देत देत दारापर्यंत गेली.

मी आत्याला शोधलं. ती मागच्या अंगणात विहिरीकडे तोंड करून उभी होती.

"आत्या, चल ना, आई चालतेय!"

"बघितलं मी."

"आम्हाला आधी सांगायचं तरी! आई तुला इतकं बोलली..."

"बोलू दे की." तिचा आवाज चिरकला. "तीस वर्षं एका चुलीशी भांडलो आम्ही. मी आले तेव्हा ती सोळाची, मीही सोळाची. हे सात-आठ महिने एकटीने स्वयंपाक केला मी. मीठ जास्त झालं, तरी कोणी काही म्हणत नाही. तुम्ही पुरुष मुकाट गिळता आणि उठता. घर खायला उठतं रे."

तेवढ्यात घरातून घोडीचे पाय फरशीवर टेकल्याचा आवाज येऊ लागला. ठक, थांबून पुन्हा ठक. आवाज स्वयंपाकघराशी थांबला. मग भांड्यावरचं झाकण वाजलं.

"वन्सं! ही आमटी आहे की तापीचं पाणी?"

आत्याने पदराने खसकन डोळे पुसले आणि केवढ्या तरी मोठ्याने ओरडली, "हात लावू नका माझ्या आमटीला! आलेच मी!"