नवीन मासा वेगळा ठेवा

लेकीच्या बाळंतपणाला जाताना बायकोने पेंटरला एकच गोष्ट दहादा बजावली होती. "दुकानदार नवीन एंजल मासा आणून देईल. त्याला महिनाभर वेगळ्या टाकीत ठेवा. माझ्या माशांत लगेच सोडू नका!"

पाट्या रंगवण्यात जन्म गेलेल्या पेंटरने मुकाट्याने ऐकलं. पण संध्याकाळी घरी यावं, तर टाकीत एकटा मासा आणि खुर्चीत एकटे आपण. हे त्याच्याने बघवेना. त्याने माशाला सोबत म्हणून आरसा लावून दिला, तर मासा आरशालाच धडका देऊ लागला. शेवटी दोन-चार दिवसांतच पेंटरने त्याला मोठ्या टाकीत सोडलं.

आठवड्याभरात सगळ्याच माशांच्या अंगावर मीठ भुरभुरल्यासारखे पांढरे ठिपके उठले.

बायकोने फोनवर त्याची बिनपाण्याने केली. "वेगळा ठेवायला सांगितलं होतं ना?"

"करमत नव्हतं गं."

"कुणाला?"

"माशाला."

मग उपचार सुरू झाले. हे ठिपके म्हणजे जंतू; ते माशाच्या अंगावरून गळतात आणि तळाशी वाढतात. म्हणून पाणी हळूहळू गरम करायचं, औषध घालायचं, गाळ उपसायचा. औषधाने पाणी निळं झालं, पेंटरचे हात निळे झाले, सतरंजीही निळी झाली. पण एरवी "जेवलात ना? ठेवते," एवढ्यावर आटोपणारी बायको आता रोज व्हिडिओ कॉलवर अर्धा अर्धा तास बोलत होती. पेंटर खूश होता. फक्त 'कधी येतेस?' एवढं विचारायला त्याची जीभ रेटत नव्हती.

आणि नेमके मासे बरे झाले. आता ती बोलणार कशावर? त्याने बारीक ब्रश काढला, पांढरा ऑइलपेंट कालवला आणि टाकीच्या काचेवर बाहेरून ठिपके दिले.

"अजून आहेतच का हो?"

"हटत नाहीत बघ. तू असतीस तर..."

"थांबा. येतेच मी."

ती दारात उभी राहिली, तेव्हा पेंटर ब्लेडच्या पत्तीने काच खरवडत होता. रंग पक्का बसला होता. मासे मजेत फिरत होते आणि ठिपके जागच्या जागी होते.

"मला फोनवरच कळलं होतं," बायको म्हणाली. "इतके एका मापाचे, सारख्या अंतरावरचे ठिपके कुठल्या माशाला येतात? पाटी रंगवलीत नुसती!"

पेंटर ओशाळला. "मग आलीस कशाला?"

तिने बॅग खाली ठेवली. "लेक आहे, बाळ आहे, माणसांनी घर भरलंय तिथे. तरी करमत नव्हतं."

"कुणाशिवाय?"

"माशांशिवाय," ती म्हणाली, आणि त्याच्या निळ्या हातातली पत्ती काढून घेऊन काच खरवडायला बसली.