दोष अजून सापडलेला नाही

ताईने जेवणाच्या टेबलावर धुण्याच्या पावडरीचं खोकं ठेवलं आणि जाहीर केलं, "बाळ्या, मी धंदा सुरू केलाय. तू माझ्याखाली ये."

"मी जन्मापासून तुझ्याखालीच आहे," बाळ्या म्हणाला आणि पुन्हा वर्तमानपत्रात शिरला.

हा बाळ्या साठी ओलांडलेला होता. वजनमापे खात्यात निरीक्षक म्हणून त्याची सगळी नोकरी दुकानदारांचे तराजू तपासण्यात गेली होती, आणि निवृत्त झाल्यावरही गल्ली त्याला काटेसाहेबच म्हणत असे. लग्न राहून गेलेलं. ताईचे यजमान गेले तेव्हा काटेसाहेबांनी तिला आपल्याकडे आणलं, आणि तेव्हापासून दोघं एका छताखाली गुण्यागोविंदाने, म्हणजे फारसं न बोलता, राहत होती.

ताईने योजना समजावली. आपण पावडर विकायची, सभासद करायचे. त्या सभासदांनी आणखी सभासद करायचे. मग सगळ्यांच्या खरेदीतला वाटा आपोआप वर चढत ताईकडे येणार. फक्त येत्या रविवारच्या सभेत 'हिरा' गटात जायला एकरकमी पैसे भरायचे होते.

"कुठले पैसे?" काटेसाहेबांनी पेपर खाली ठेवला.

"ठेवीतले."

ती ठेव म्हणजे यजमानांच्या मागे ताईचं स्वतःचं म्हणून जे काही उरलं होतं, ते सगळं.

"ताई, असल्या कंपन्या लोकांना बुडवतात."

"सगळ्याच? तू तपासल्यास?"

इथे काटेसाहेब अडकले. तपासल्याशिवाय कुणाला चोर म्हणायचं नाही, हा नियम त्यांनी नोकरीभर पाळला होता, आणि आता बहिणीच्या बाबतीत मोडला तर तो नियम कसला? "रविवारपर्यंत तपासून सांगतो," ते म्हणाले.

"सांग. तू खोटी म्हणालास तर एक पैसा भरणार नाही. पण मनाचं काही सांगू नकोस."

दुसऱ्या दिवशी ते नमुना आणायला कंपनीच्या कचेरीत गेले. तिथल्या टायवाल्या तरुणाने गोड हसून सांगितलं की पावडर फक्त सभासदांनाच मिळते. नमुन्याशिवाय तपासणी नाही आणि सभासद झाल्याशिवाय नमुना नाही. काटेसाहेब सभासद झाले, ताईच्याच खाली, आणि एक भलंमोठं खोकं खांद्यावर घेऊन भर दुपारी गल्लीतून घरी आले.

कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याने इस्त्री उभी केली. "साहेब, तुम्हीपण? कशी आहे हो कंपनी?"

"तपासणी चालू आहे. दोष अजून सापडलेला नाही."

नोकरीतलं हे त्यांचं ठरलेलं उत्तर होतं, आणि त्याचा अर्थ तेवढाच होता. पण ज्या माणसाने सख्ख्या मित्राचा तराजू जप्त केला होता त्याला दोष सापडत नाही, ही बातमी गल्लीच्या दुसऱ्या टोकाला काटेसाहेबांच्या आधी पोचली. संध्याकाळी इस्त्रीवाला स्वतःच दारात उभा. "साहेब, मला तुमच्याखाली घ्या."

"अहो, अजून निकाल लागलेला नाही."

"म्हणूनच. निकाल लागल्यावर गर्दी होईल."

काटेसाहेबांनी पावडर तोलली. वजन चोख, उलट चिमूटभर जास्तच. ताईच्या साडीवरचा हट्टी डाग धुऊन पाहिला, तो गेला.  लबाडी सापडली असती तर काम सोपं होतं. आता उरली किंमत. बाजारातल्या पावडरीच्या ती तिप्पट होती, पण महाग विकणं हा गुन्हा नव्हे. तेव्हा, एवढे पैसे मोजून ही पावडर कुणी खरोखर घेईल का, हे लोकांनाच विचारायचं त्यांनी ठरवलं आणि पुडा हातात घेऊन दारोदार निघाले.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पुडा हातात धरून दार वाजवणारा माणूस चौकशीला आलाय, असं कुणाला वाटेल?

"या किमतीला घ्याल का?" त्यांनी शेजारच्या शिक्षिकेला विचारलं.

"छे, धुण्यासाठी कोण घेईल? पण सभासद झालं तर परवडेल ना? माझ्याखाली माझ्या दोघी जावा येतील."

"जावांना तरी पावडर हवी आहे का?"

"त्यांना कशाला हवी असेल? त्या त्यांच्याखाली कुणीतरी आणतील."

दार बदललं तरी उत्तर हेच. काटेसाहेब घाबरून बजावू लागले, "घाई करू नका, नीट विचार करा." इतकं सावध बोलणारा विक्रेता लोकांनी कधी पाहिला नव्हता. शनिवारपर्यंत निम्मी गल्ली त्यांच्याखाली आली.

रविवारी सभागृहात टायवाल्याने त्यांचं नाव पुकारलं. आठवड्यातला सर्वांत वेगवान सभासद. ताई पहिल्या रांगेत, मांडीवरच्या पर्समध्ये चेक, आणि डोळे पाणावलेले. भावाला व्यासपीठावर ती पहिल्यांदाच पाहत होती.

"पावडर चांगली आहे," काटेसाहेब म्हणाले. टाळ्या पडल्या. "वजनही बरोबर." पुन्हा टाळ्या. "किंमत तिप्पट आहे." इथेही टाळ्या पडल्या, कारण तिथे आकडा ऐकला की टाळी वाजवायची सवय होती. "पण माझ्याखाली आलेल्यांपैकी एकालाही पावडर नको होती. प्रत्येकाला आपल्याखाली कुणीतरी हवं होतं. इथे पैसा येतो तो येणाऱ्या माणसांकडून. पावडर नुसती निमित्ताला आहे. शेवटच्या घराने कुणाला खाली घ्यायचं?"

"पुढच्या गल्लीला," इस्त्रीवाल्याने मदत केली.

"आणि ती संपल्यावर?"

इस्त्रीवाला बोटांवर गल्ल्या मोजू लागला. ताईने पर्स मिटली आणि उठून बाहेर गेली.

घरी येऊन ती खुर्चीत बसली. काटेसाहेब पाणी घेऊन आले तेव्हा म्हणाली, "बरोबर केलंस. पैसे वाचले. पण बाळ्या, हिऱ्याचा मोह मला नव्हता रे. तिथे सभेला चार माणसं माझी वाट बघायची. इथे मी आले काय, गेले काय."

काटेसाहेबांना फार वाईट वाटलं. जगाची मापं काढली, आणि घरातलं माणूस किती एकटं आहे ते कळलं नाही.  ते खुर्ची ओढून तिच्याशेजारी बसले.

सोमवारी सकाळी गल्ली दारात. प्रत्येकाच्या डोक्यावर खोकं. न फोडलेला माल वरच्या सभासदामार्फत परत करता येत होता, आणि सगळ्यांच्या वरचे सभासद होते काटेसाहेब. ते लोकांची माफी मागत एका भिंतीकडून दुसऱ्या भिंतीकडे फिरू लागले. अखेर ताईने पदर खोचला. फोडलेली खोकी तिने बाजूला काढली, भांडणारे वेगळे बसवले, सगळ्यांना चहा दिला आणि टायवाल्याला फोन लावून अशा आवाजात बोलली की दुपारी टेम्पो घेऊन तो स्वतःच आला.

पुढच्याच महिन्यात गल्लीत चुंबकाच्या गाद्या विकणारी नवी कंपनी उगवली. शिक्षिका आणि इस्त्रीवाला माहितीपत्रक घेऊन आले. काटेसाहेबांनी चष्मा लावून हात पुढे केला.

"तुम्ही नको साहेब," इस्त्रीवाला नम्रपणे म्हणाला. "तुमचं तपासून होईतो आम्ही सगळे आत असतो. ताई आहेत का?"

ताई हात पुसत बाहेर आली. पत्रकाकडे तिने पाहिलंसुद्धा नाही. "दोघं बसा आधी," ती म्हणाली. "ही गादी झोपायला कुणाला हवी आहे?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि पत्रकाची घडी घातली. घरी जायला मात्र कुणी उठलं नाही, बाकीच्या गप्पा राहिल्या होत्या. काटेसाहेब दारात चष्मा पुसत उभे होते. ताईने आपल्याशेजारची खुर्ची ओढली आणि म्हणाली, "ये बाळ्या, तूही बस."