सोमाण्णांची पटावरची पोरं

सोमाण्णा कुणाच्या लग्नाला गेले की अक्षता टाकतात, नवरा-नवरीला हात जोडतात आणि नवरीला हळूच विचारतात, "पोराला शाळा कुठली बगितलीस?" नवरीच्या अंगाची हळदही उतरलेली नसते. ती गोंधळून नवऱ्याकडे बघते, नवरा आपल्या आईकडे बघतो, आणि ती आई म्हणते, "अण्णा, आदी जेवून तरी घ्या." सोमाण्णा जेवायला बसतात. पण उठताना पुन्हा मांडवात डोकावून सांगतात, "आपल्या शाळेतच घाला म्हंजे झालं."

कानडी मुलखातल्या जोयडा तालुक्यात, कुंभारवाडा गावाच्या पुढे, ओढा ओलांडून रानात आत गेलं की आमची वाडी लागते. मी इथल्या सरकारी शाळेची एकुलती एक शिक्षिका. माझं माहेर रामनगरचं. नोकरीच्या पहिल्या दिवशी मी जीपमधून उतरले तेव्हा डोक्याला टॉवेल गुंडाळलेले एक उंच, वाळके गृहस्थ रस्त्यात उभे होते; तेच सोमाण्णा. माझी बॅग घेण्याआधी त्यांनी विचारलं, "लगीन झालंय? पोरं हायत?" मला राग आला. लग्न झालंय, एक मुलगी आहे, रामनगरला आजीकडे असते, असं मी तोडून सांगितलं. त्यांचा चेहरा खुलला. "मग तिला हिकडं आणा की. पटावर एक वाढंल."

पट हा सोमाण्णांचा ध्यास. शाळेच्या समितीवर ते नाहीत, कारण त्यासाठी मूल शाळेत असावं लागतं. म्हणून समितीच्या सभेत ते खिडकीबाहेर उभे राहून बोलतात, आणि आतल्या सगळ्यांपेक्षा जास्त बोलतात. पोटुशी बाई रस्त्यात दिसली की तिला सावलीत बसवतात, पाणी देतात आणि मला हाक मारतात, "टीचर, पटावर घ्या."

"अहो अण्णा, अजून जन्म व्हायचाय."

"मग पेन्सिलीनं लिवा. खोडता येतंय."

आमची शाळा म्हणजे एक खोली, एक ओटा आणि मागे स्वयंपाकाची शेड. पहिलीपासून पाचवीपर्यंत सगळे वर्ग त्या एका खोलीत. पहिलीची मुलं अक्षरं गिरवतात तेव्हा पाचवीची मुलं भागाकार करतात, आणि दोघांनाही एकमेकांचा धडा जास्त आवडतो. पुस्तकं कन्नडमधली आणि मुलांच्या घरी बोलतात ती आपली मराठी, त्यात निम्मी कोकणी. एका धड्यात शहरातला चौक आणि त्यातला लाल-हिरवा दिवा आहे. जोयड्यातही मुलांनी असला दिवा पाहिलेला नाही. तो समजावता समजावता मी दमले, तेव्हा सोमाण्णा ओट्यावर लाल टॉवेल धरून उभे राहिले आणि दुसऱ्या हातात केळीचं पान घेतलं. मुलांना दिवा कळला. फक्त त्यानंतर महिनाभर, कुणी लाल टॉवेल घेऊन आंघोळीला निघालं की मुलं रस्त्यात थांबायची.

मला मुलांची आणि जेवणाची हजेरी मोबाईलवरून पाठवावी लागते. रेंज फक्त वरच्या टेकाडावर, फणसाच्या झाडाखाली. त्यामुळे रोज भर वर्गातून उठून मी झाडाखाली जाते आणि मुलं वर्गात असल्याचं कळवते. एकदा तर मुलांना जास्त वेळ कसा द्यावा याचं प्रशिक्षण निघालं आणि त्यासाठी आठवडाभर मुलांना सोडून तालुक्याला जावं लागलं. मी नसले की सोमाण्णा वर्ग सांभाळतात. शिकवत नाहीत, त्यांना येत नाही. आळीपाळीनं एकेकाला उभं करून सकाळी काय खाल्लं ते विचारतात. प्रत्येकजण शेजाऱ्यापेक्षा एक पदार्थ जास्त सांगतो. परत आले तेव्हा दुसरीतल्या पोरानं मला एका दमात बारा पदार्थ सांगितले, त्यात दोन प्रकारचे लाडू होते.

सोमाण्णांचा खरा वैरी म्हणजे पिवळी व्हॅन. ती दूरच्या एका इंग्रजी शाळेची. वाडीतली ज्यांना जमतं ती मुलं टाय लावून तिच्यातून जातात. पावसाळ्यात ती हमखास ओढ्याच्या चिखलात रुतते आणि ड्रायव्हर सोमाण्णांकडेच बैल मागायला येतो. सोमाण्णा बैल आणतात, पण व्हॅन ओढण्याआधी दार उघडून आतली मुलं न्याहाळतात. "ह्यातली तीन आमच्या पटावरची," असं ड्रायव्हरला ऐकवतात. एकदा त्यांनी टायवाल्या एका पोराला विचारलं, काय शिकलास. त्यानं एलिफंटचं स्पेलिंग म्हणून दाखवलं.

"परवा तुज्या बाच्या केळीत हत्ती शिरला, तवा काय वरडलास?"

पोरगं विचार करून म्हणालं, "आई गं."

"हां. ते तुला हितं बी आलं असतं," असं म्हणून सोमाण्णांनी बैल जुंपले.

गेल्या वर्षी मात्र हसण्यावारी न्यायचं काही राहिलं नाही. पट फार खाली आला होता. एक साहेब आले, खोली पाहिली, मुलं पाहिली आणि म्हणाले की ही शाळा आता पलीकडच्या मोठ्या शाळेत मिसळावी लागेल. पलीकडची शाळा म्हणजे रानातली लांबची वाट, मध्ये ओढा, वर जनावरांची भीती. मोठी मुलं कशीबशी जातील, लहानांचं काय, असं मी विचारलं. साहेब भले गृहस्थ होते. त्यांनी समजावलं की काळजीचं कारण नाही, लहान मुलांना वसतिगृहात ठेवता येईल, जेवणखाण सगळं चांगलं असतं.

मी खिडकीकडे पाहिलं. सोमाण्णा बाहेर उभेच होते. आता हे साहेबांना काहीतरी सुनावणार म्हणून मी मनाची तयारी केली. पण त्यांनी टॉवेल डोक्यावरून काढून खांद्यावर टाकला आणि घराकडे चालू लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते ओढ्यावर गेले. तिथे नवीन पुलाचं काम चाललं होतं आणि कामावरची माणसं ताडपत्रीखाली राहत होती. हुबळीकडचा बसप्पा नावाचा गवंडी बायको आणि तीन मुलांसह होता. आईबाप कामावर गेले की मुलं वाळूच्या ढिगावर खेळत बसायची. पूल व्हायला दोन वर्षं लागणार, तोवर त्यांच्या शाळेचा कुणी विचारच केला नव्हता. सोमाण्णांनी बसप्पाला कन्नडमध्ये सांगितलं की माझं घर मोठं आहे, मी एकटा आहे, चला राहायला. बसप्पाला संशय आला. फुकट घर कोण देतं? शेतात राबवून घ्यायचं असेल, असं त्याला वाटलं. तो कामाला निघून गेला.

सोमाण्णा हलले नाहीत. मग बसप्पाची बायको रेणव्वा त्यांच्याबरोबर घर बघायला आली. चूल पाहिली, न्हाणी पाहिली, दिव्याचं बटण दोनदा दाबून पाहिलं. बदल्यात काय द्यायचं, असं तिनं विचारलं. सोमाण्णा म्हणाले, "सकाळी ह्या तिघांची तोंडं धून दे. बाकी माजं मी बगतो."

त्याच संध्याकाळी बिऱ्हाड आलं. गंमत अशी की वाडीतल्या मुलांना पुस्तकात जड जाणारं कन्नड ही तिघं घडाघडा बोलायची, आणि आमची पोरं त्यांना मराठी शिकवायची. आमच्या खोलीत एकदम गलका झाला. तिघांतली धाकटी रुक्की पहिलीत बसली. ती सोमाण्णांना अज्जा म्हणायची, आणि त्यांच्या घरातल्या सगळ्या वस्तूंवर तिनं आठवडाभरात मालकी सांगितली.

साहेब पुन्हा आले तेव्हा मुलं मोजली आणि चकित झाले. रुक्कीला त्यांनी विचारलं, कुठे राहतेस. तिनं खिडकीकडे बोट केलं. "अज्जाच्या घरात."

"तुमची नातवंडं का?" साहेबांनी विचारलं.

"पटावरची हायत," सोमाण्णा म्हणाले.

साहेब हसले. शाळा या वर्षी तरी इथेच राहील, असं सांगून गेले. त्या दिवशी सोमाण्णांनी साऱ्या शाळेला गूळ-पोहे खाऊ घातले, आणि व्हॅनच्या ड्रायव्हरलाही बळेच बसवून द्रोणभर दिले.

सोमाण्णांना एक मुलगी आहे हे मला माहीत होतं. धारवाडला मोठ्या दवाखान्यात नर्स आहे, चांगली शिकली, एवढंच ते सांगत. दिवाळीनंतर सुमित्रा चार दिवसांची रजा काढून आली. मला चहाला बोलावलं होतं. नीटनेटकी, शांत बाई. रेणव्वाची मुलं घरभर धावत होती आणि ही पाहुण्यासारखी खुर्चीच्या कडेवर बसली होती. सोमाण्णा आतून चहा घेऊन आले आणि तिला म्हणाले, "साखर कमी लागती न्हवं तुमाला?"

मुलीला तुमी. मी कप तसाच हातात धरून राहिले.

इतक्यात रुक्की आली आणि सोमाण्णांच्या मांडीवर चढून, आज वर्गात कोण रडलं, कुणाची पेन्सिल मोडली, हे त्यांच्या कानाशी सांगू लागली. ते मन लावून ऐकत होते. सुमित्रा त्या दोघांकडे बघत होती. मग म्हणाली, "बाबा, माझ्या शाळेत तुम्ही कधी आलाच नाहीत."

तिनं ते तक्रारीनं म्हटलं नाही. मग मला तिनंच सांगितलं. ती लहान असताना वाडीत शाळा नव्हती, आई गेलेली होती. सहाव्या वर्षी तिला बाहेर वसतिगृहात ठेवलं. सुट्टीत यायची. पुढे सुट्टीतही क्लास लागले, मग नर्सिंग, मग नोकरी.

सोमाण्णांनी रुक्कीला हळूच खाली उतरवलं.

"जीपपातूर येत व्हतो मी," ते म्हणाले. "जीप वळणाला गेली की माघारी. तू शिकलीस, लई बरं झालं. पर शाळा सुटल्यावर तू घरी येतीस कशी, ते मी कदी बगितलं न्हाई बाळा."

रुक्कीनं सोमाण्णांचा उरलेला चहा पिऊन टाकला.

दुसऱ्या दिवशी मी सुमित्राला शाळेत बोलावलं. मुलांना हात कसे धुवायचे, ताप आला तर काय करायचं, हे तिनं छान शिकवलं. थोडं कन्नडमध्ये, थोडं वाडीच्या बोलीत, आणि ती बोली बोलताना तिला स्वतःचंच हसू येत होतं. संध्याकाळी शाळा सुटायची वेळ झाली तेव्हा सोमाण्णा आले. एरवी ते घंटा व्हायच्या आधीच आत घुसून मुलांना रांगेत लावतात. आज ते कुंपणाबाहेर उभे राहिले. सदरा धुतलेला होता.

घंटा झाली. मुलं धावत सुटली. त्यांच्या मागोमाग सुमित्रा बाहेर आली. सोमाण्णांनी तिच्या खांद्यावरची पर्स काढून घेतली, आपल्या खांद्याला अडकवली आणि पुढे चालू लागले. थोडं गेल्यावर त्यांनी मागे वळून विचारलं, "आज काय शिकलीस?"

सुमित्रा सांगू लागली. काय सांगत होती ते मला ऐकू आलं नाही, पण ती हातवारे करत होती आणि ते मान डोलवत होते. त्या नादात रुक्कीला घ्यायचं दोघांच्याही लक्षात राहिलं नाही. ती कुंपणापाशी उभी राहून क्षणभर त्यांच्याकडे बघत राहिली आणि मग दप्तर सावरत, "अज्जा, मी ऱ्हायले," असं ओरडत त्यांच्या मागे पळाली.