आधी गाठीला विचारा

चामोर्शीच्या आठवडी बाजारात वांगी निवडता निवडता कुणी तुमच्या तोंडात डोकावलं, तर दचकायचं नाही. ते आमचे दातांचे डॉक्टर गोपाळराव असत. लोक रामराम म्हणतात, तसे हे "आ करा" म्हणत. एका लग्नात नवरीनं नवरदेवाला घास भरवायला हात उचलला, तर हे मध्येच वाकले. "दाढ किडली हाय, जावईबापू. सोमवारी या."

स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली होती. तोंडात गाठ आली की आमच्याकडे लोक काहीबाही पाला लावून वाट पाहत. डॉक्टरांना ते खपत नसे, आणि घाईनं कापणंही खपत नसे. "आधी तिले विचारा, पोटात काय हाय." विचारायचं ते सुईनं. सुया ते स्वतः दगडावर घासत, धार आपल्याच हातावर टोचून पाहत, मग उकळत. पिचकारीत पाणी किंवा पू आला, तर काम सोपं. नुसतं रक्त आलं, तर नागपूरच्या मोठ्या दवाखान्याची चिठ्ठी. ती चिठ्ठी घेऊन गेलेले फारसे परत दिसत नसत.

सुई टोचायच्या दिवशी काम होईपर्यंत डॉक्टर उपाशी राहत. शेजारून आलेला डबा खिडकीत तसाच. "भरल्या पोटी हात जड होते," म्हणायचे. यावर मी शाळेत पोरांना शिकवताना पुष्कळ विनोद केले.

मग माझ्याच गालात गाठ आली. तंबाखू मी त्याच गालात धरायचो. दवाखान्यात सुया उकळणाऱ्या भिवराबाईंना मी भीती लपवायला डब्याचा विनोद ऐकवला. त्या हसल्या नाहीत.

"हाताचं काई नाई, मास्तर. रक्त दिसलं का त्यायच्या पोटात अन्न राहत नाई. त्या दिवशी डबा तसाच वापस जाते. कोणाले सांगू नका."

बाहेर ओट्यावर माझी बायको धाकटीला मांडीवर घेऊन बसली होती.

"आ करा."

सुई कधी टोचली ते कळलंही नाही. डॉक्टरांनी पिचकारी खिडकीपाशी उजेडात धरली. त्यांच्याकडे पाहायची माझी छाती होईना. मी डब्याकडे पाहत राहिलो.

मग त्यांचा हात डब्याकडे गेला.

"भिवराबाई, दोन ताटल्या आणा. मास्तरले मऊ भात वाढा. पाणी हाय नुसतं."

मला रडू कोसळलं, आणि तोंड अजून उघडंच होतं.

"आता मिटा, मास्तर," ते म्हणाले, आणि खाली मान घालून घाईघाईनं जेवू लागले.