एकशे बारावा संगणक

जे नीट चालले आहे ते सुधारल्याशिवाय कोणतेही कार्यालय मोठे होत नाही. आमच्या दाखले कार्यालयातले एकशे बारा संगणक नीट चालत होते, ही गंभीर बाब संगणक विभागाच्या साहेबांच्या वेळीच लक्षात आली. त्यांनी परिपत्रक काढले : सोमवारी सकाळी अकराला सर्व यंत्रांवर संगणक-प्रणालीची नवी आवृत्ती एकदम चढेल. (आधी दोन-चार यंत्रांवर करून बघू, असे एक तंत्रज्ञ म्हणाला होता. त्याला आत्मविश्वासाच्या प्रशिक्षणाला पाठवले.)

अकराला एकशे अकरा पडद्यांवर एक चक्र फिरू लागले. एकला ते अधिक सुबक फिरू लागले. तीनला यंत्रे उघडली. नव्या आवृत्तीत रंग होते, घड्याळ होते, शुभेच्छा होत्या. दाखला छापायची सोय तेवढी नव्हती.

चालू होता तो फक्त जन्मदाखल्यांच्या बाईंचा संगणक. 'नवी आवृत्ती आता की नंतर?' या यंत्राच्या प्रश्नाला त्या चार वर्षे 'नंतर' म्हणत आल्या होत्या. सोमवारी यंत्राने विचारायचेच सोडले, तेव्हा त्यांनी इंटरनेटच्या जोडणीची तार उपटली.

त्यांच्या खिडकीशी एक शिंपी आला. मुलीच्या शाळाप्रवेशाचा शेवटचा दिवस; शाळा चारला बंद.

"बाई, उद्या या म्हणू नका. उद्या येऊन काही उपयोग नाही."

"मी कुठे म्हणतेय? पोरीची जन्मतारीख सांगा."

दाखला हातात पडला. शिंपी तसाच शाळेकडे पळत सुटला.

बातमी फुटली. रांग जिन्यापर्यंत गेली. सहापर्यंत बाईंनी एकोणसत्तर दाखले दिले. (साहेबांचे मेहुणे चाळिसावे.)

मंगळवारी त्यांना नोटीस मिळाली : कार्यालयाच्या एकरूपतेस बाधा. बाईंनी प्रामाणिक खुलासा दिला, "समोर माणूस उभा होता." चौकशी समितीला हे कारण यादीत सापडले नाही. बुधवारी त्यांच्याही यंत्रावर नवी आवृत्ती चढली. बाई आता पडद्यावरच्या घड्याळाकडे बघत बसतात. खिडकीशी कोणी आले की त्यांचा हात अजून कळफलकाकडे जातो.

मोहीम शंभर टक्के यशस्वी झाली. लोकांची एकही तक्रार नाही. दिवसभर रांगेत उभे राहून तुम्ही शेजारच्याला "चालायचंच हो" एवढेच म्हणालात. अहवालात ते 'जनतेचा अभिप्राय : अनुकूल' या सदरात घेतले आहे.