‘खफा’चं शुद्धलेखन

रुसण्याच्या बाबतीत एके काळी अख्ख्या औरंगाबादेत माझा हात धरणारा माणूस नव्हता! हे मी गर्वानं नाही, नाइलाजानं सांगतो. कारण आयुष्यात दुसरं काही मला नीट जमलेलंच नाही. सायकल जमली नाही, पोहणं जमलं नाही, साहेबाच्या विनोदावर वेळेत हसणंसुद्धा जमलं नाही. पण रुसणं! साधा नवरा रुसला की भांडी आदळतो. मी ताटावर शिस्तीत बसायचो, दोन घास कमी खायचो आणि छताकडं असं बघत राहायचो, जणू छत माझी फिर्याद लिहून घेतंय.

माझं शिक्षण सगळं निजामाच्या अमदानीतलं, म्हणजे उर्दूतून. घरात मराठी बोलायचं आणि शाळेत उर्दू लिहायचं. पुढं पोलीस ॲक्शन झाली, कचेरीतले कागद हळूहळू भाषा बदलायला लागले आणि त्यानंतर चौथ्या वर्षी माझं लग्न झालं. बायको संगमनेरची. भानुमती. मराठी सातवी पास, आणि अक्षर असं की छापखान्यानं लाजावं.

ती पहिल्यांदा माहेरी गेली तेव्हा मी आठ दिवस खपून तिला मराठीत पत्र लिहिलं. परत आली ती हसतच.

"पत्र फार आवडलं हो. आईलासुद्धा दाखवलं नाही. फक्त ‘प्रिय’ला पहिली वेलांटी असते. तुम्ही दुसरी दिलीत."

"म्हणजे चुकलं?"

"चुकलं कुठं? प्रेम जरा लांबलं इतकंच!"

आता सांगा, हे वाक्य ऐकून शहाणा माणूस काय करील? हसेल, बायकोला जवळ घेईल. मी सोळा दिवस रुसलो. एका वेलांटीवरून!

पण रुसलेल्या माणसालाही धोतर धुवायला टाकायचं असतं, बंबात पाणी हवं असतं. बोलायचं तर नाही, मग करायचं काय? तेव्हा मला ती नामी युक्ती सुचली. चिठ्ठ्या लिहायच्या, आणि त्याही उर्दूत! तिला उर्दूचं एक अक्षर येत नव्हतं. म्हटलं, काढ आता वेलांट्या! वाचता आलं नाही की येईल माझ्याकडे, करील गयावया.

पहिली चिठ्ठी मी फोडणीच्या डब्याखाली ठेवली. वांग्यात मीठ जास्त झालंय, एवढंच लिहिलं होतं.

ती काही माझ्याकडे आली नाही. संध्याकाळी मी गुलमंडीवरून घरी येत होतो, तर शेंद्र्याहून भाजी घेऊन येणारी दगडाबाई टोपल्याआडून ओरडली, "सायेब, वांग्यात मीठ लई पडलं व्हय? वांगी गुणाची हायेत माझी! मिठाला म्या काय करू?"

मी चमकलो. चार पावलांवर बद्रीनाथचं कापडाचं दुकान. त्यानं गादीवरून हाक मारली, "या व्यंकटराव! निवळलं का वांगं?"

माझं घर रस्त्यावर उघडं पडल्यासारखं झालं. कोण सांगतंय यांना? भिंतींना कान असतात ऐकलं होतं. आमच्या भिंतींना तोंडही होतं की काय!

तोंड होतं, आणि ते भिंतीपलीकडचं होतं. शेजारी बतूलबी राहायच्या. विधवा बाई, मोहल्ल्यातल्या मुलींना घरी उर्दू शिकवायच्या. भानुमती माझी चिठ्ठी घेऊन सरळ त्यांच्याकडं जायची. त्या आधी वाचायच्या खड्या आवाजात, आणि मग समजावून सांगायच्या त्याहून खड्या आवाजात. त्यांच्या ओट्यावर दगडाबाई टोपलं उतरवून पाणी प्यायची. पुढची डाक ती वाटायची. हे सगळं मला फार उशिरा कळलं. उशिरा कळणं हा माझा स्वभावच आहे.

आता दौऱ्याचं सांगतो. सांगू नये असं वाटतं, पण त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

आमच्या कचेरीचे मुख्य नानासाहेब. त्यांनी एकदा अचानक तपासणीसाठी वैजापूरकडं तीन दिवसांचा दौरा काढला आणि सोबत मला निवडलं. मला! आठ वर्षांत पहिल्यांदा. "व्यंकटराव, बाहेर बोलू नका," म्हणाले. नेमका तेव्हा माझा अबोला चालू होता. कारण असं, की बद्रीनाथच्या दुकानात त्याच्या एका विनोदावर भानुमती पदर तोंडाला लावून हसली होती. माझ्या विनोदावर ती पदर लावत नसे. म्हणजे मी विनोद करतही नसे; पण केला असता तर लावला असता का, हा प्रश्न मला तीन दिवस कुरतडत होता. जेवण निम्मं, नजर छताकडं, तोंडातून शब्द नाही.

निघायच्या सकाळी मी चिठ्ठी लिहिली. कचेरीची उर्दू, नेमकी आणि कोरडी: ‘तीन रोज का दौरा है. खाना न रखें. किसी से जिक्र न हो.’ डब्याखाली ठेवली, वळकटी उचलली आणि स्टेशन गाठायला टांग्यांच्या अड्ड्याकडं निघालो.

बतूलबींच्या सख्ख्या भावाला फेफरं यायचं. त्यांच्या घरात ‘दौरा’ या शब्दाला दुसरा अर्थच नव्हता!

"अगे दुल्हन! तेरे मियां कू दौरे पडते? तीन-तीन दिन के? और छुपाके रखे बोल के लिखे!"

भानुमतीनं आठवलं. तीन दिवस बोलत नाहीत. जेवत नाहीत. छताकडं टक लावून बसतात. सगळं जुळलं!

मी टांग्याच्या पायरीवर एक पाय ठेवला होता. आत नानासाहेब बसले होते. तेवढ्यात मागून आरोळी आली, "अहो! जाऊ नका! अहो!"

वळून बघतो तर भानुमती अनवाणी पळत येतेय. मागं बतूलबी, बुरखा सावरत. त्यांच्यामागं दगडाबाई, हातात कांदा!

आता इथं, वाचकहो, एका शब्दाचं काम होतं. ‘सरकारी दौरा’, एवढं म्हटलं असतं तरी सगळं मिटलं असतं. पण अबोला चालू होता! भर रस्त्यात आपण होऊन बोलायचं म्हणजे हार. मी तोंड गच्च मिटलं आणि हातांनी खुणा करायला लागलो. टांग्याकडं हात, वैजापूरकडं हात, नानासाहेबांकडं हात.

"बगा, बगा! हात वाकडं व्हाया लागलं!" दगडाबाई किंचाळली. "धरा, पडंल मानूस! दात बसलेत, कांदा हुंगवा!"

दोन टांगेवाल्यांनी मला आडवं केलं. मी धडपडलो. "लई जोर आलाय अंगात! दौऱ्यात आसंच असतंय!" असं म्हणत दगडाबाईनं स्वतःची चप्पल काढली आणि माझ्या नाकाला लावली. शेंद्र्यापासून चालत आलेली चप्पल होती ती!

"अरे, हे काय?" नानासाहेब टांग्यातून ओणवून विचारत होते.

"साहेब, दौरा!" मी अखेर ओरडलो.

"कबूल करतोय!" बतूलबी म्हणाल्या, चक्क मराठीत.

नानासाहेब तसे सज्जन. "आधी प्रकृती सांभाळा व्यंकटराव," म्हणाले आणि दुसऱ्याला घेऊन गेले. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत मला कोणी दौऱ्यावर नेलं नाही. कचेरीत माझ्या टेबलाच्या खणात मात्र कोणी ना कोणी कांदा ठेवून जायचं.

मी बावीस दिवस रुसलो. तो माझा उच्चांक. त्यात भानुमतीच्या तळव्याला काच लागली होती, त्या अनवाणी पळण्यात. ती लंगडत वाढायची आणि मी छताकडं बघायचो. ते आठवलं की आजही घास उतरत नाही.

त्यानंतर एक बदल झाला. माझ्या चिठ्ठ्या गल्लीत पोहोचेनाशा झाल्या. चिठ्ठीत सांगितलं की भाजीतलं मीठ कमी व्हायचं, धोतर वेळेवर मिळायचं आणि दगडाबाईला पत्ता नसायचा. मग वाचतंय कोण? रोज दुपारी भानुमती पदराखाली काहीतरी घेऊन बाहेर जाते, हेही मला कळलं. संशयी माणसाला एवढं पुष्कळ! एक दिवस कचेरीतून मधूनच आलो आणि बतूलबींच्या दारातून डोकावलो. आत सात-आठ वर्षांच्या पाच मुली आणि त्यांच्या रांगेत माझी बायको, मांडीवर पाटी घेऊन ‘अलिफ, बे’ जोडून शब्द गिरवत बसलेली.

मी पाय न वाजवता परत फिरलो. मला काय वाटलं असेल? आनंद? नाही. मला वाटलं, हिनं मराठी तर घेतलीच, आता माझी उर्दूही घेणार!

पाच महिन्यांनी माझ्या उशाच्या पुस्तकात एक कागद निघाला. उर्दूत, लहान मुलासारख्या मोठ्या अक्षरांत, तीन ओळी: ‘तुम्ही खफा होत जाऊ नका. तुमचा आवाज ऐकला नाही की घर फार मोठं वाटतं. मला भीती वाटते.’

मी लाल शाईची दौत काढली. नऊ चुका निघाल्या. नऊच्या नऊ दुरुस्त केल्या. ‘खफा’ तिनं शेवटी अलिफ देऊन लिहिलं होतं. मी तो खोडून फारसी थाटात शेवटी ‘हे’ नावाचं अक्षर घातलं आणि कागद तिच्या फोडणीच्या डब्याखाली ठेवून दिला.

तिनं तो बघितला. "बरं," म्हणाली. घडी केली आणि ट्रंकेत ठेवला. त्यानंतर तिनं मला कधी काही लिहिलं नाही, आणि दुपारी बतूलबींकडं जाणंही बंद केलं.

त्याला आता चाळीसहून जास्त वर्षं झाली. मी निवृत्त झालो, पुस्तकांत बुडालो. परवा उर्दू शब्दकोशात भलताच शब्द शोधत होतो, तर नजर पडली. ‘खफा’ला शेवटी अलिफच असतो! तिचं बरोबर होतं. मी ‘हे’ घालून केलेला शब्द फारसीतला, आणि त्याचा अर्थ गळा घोटलेला! म्हणजे बायको लिहीत होती, रुसू नका. आणि मी लाल शाईनं दुरुस्त केलं होतं, गुदमरू नका. जन्मभर खफा राहिलो आणि मला खफा लिहिता येत नव्हतं!

दोन दिवस सुचेना. मग एकटाकी पत्र लिहिलं, उर्दूत, पानभर. तिच्या तीन ओळींचं उत्तर. तुझा शब्द बरोबर होता, असं सुरुवातीला. पुढचं इथं सांगवत नाही. मला लाज वाटते. चहा घेताना तिच्यापुढं ठेवलं.

तिनं चष्मा लावला. कागद उलटा धरला, सुलटा धरला.

"विसरले हो मी," ती म्हणाली. "हे अक्षर ओळखीचं वाटतंय, पण जुळत नाही. लिहीत राहिलं असतं तर राहिलं असतं."

तक्रार नव्हती त्यात. तेच लागलं.

"तुम्हीच वाचून दाखवा ना."

मी कागद हातात घेतला आणि परत तिच्याकडं सरकवला. "राहू दे मग," म्हणालो.

"राहू दे कसं? पानभर लिहिलंय!" तिनं चपला घातल्या.

"कुठं निघालीस?"

"नसीमकडं. बतूलबींची नातसून. उर्दू शाळेत मास्तरीण आहे."

"अगं, ते खाजगी आहे!" पण ती गेली होती. आताशा भानुमतीला कमी ऐकू येतं, त्यामुळं नसीमला भिंतीपलीकडं ओरडून वाचावं लागलं. माझं पत्र, चाळीस वर्षं उशिराचं, मी आणि निम्म्या गल्लीनं स्पष्ट ऐकलं. मध्ये एकदा वाचणं थांबलं. मग नसीमनं तीच ओळ पुन्हा वाचली.

अर्ध्या तासानं ती आली. डोळे लाल होते. कागद घडी करून ट्रंकेत ठेवला, त्या दुसऱ्या कागदाशेजारी.

"नसीम म्हणाली, फार सुंदर लिहिलंय. फक्त एक चूक आहे."

"कुठली?"

"नाही सांगत. तुम्ही रुसाल."

वाचकहो, मी रुसलो नाही. म्हणजे, रुसलो ते संध्याकाळच्या जेवणापर्यंतच.